नऊ वर्षं लेबर रूममध्ये काढली, इंग्लंडमध्ये मिडवाइफ होता येईल का?

प्रश्न विचारणाऱ्या सिस्टर मराठवाड्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात नऊ वर्षं लेबर रूम सांभाळतात. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा झालेला, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं नर्स आणि मिडवाइफ असं दुहेरी रजिस्ट्रेशन, दीड हजारांवर डिलिव्हऱ्या हाताखालून गेलेल्या. त्यांना इंग्लंडमध्ये मिडवाइफ म्हणून काम करायचंय. एजंट म्हणतो, आधी नर्स म्हणून जा, मिडवाइफचं तिथे गेल्यावर बघू, आणि सगळ्याचे मिळून सहा लाख द्या. तिकडे गेलेली एक मैत्रीण म्हणते, आपल्या डिलिव्हऱ्या इथे कुणी मोजत नाही. यातलं खरं काय, असं त्यांनी विचारलंय.

मी मिरजेला जीएनएम केलं, पाच वर्षं सरकारी लेबर रूममध्ये काढली आणि गेली सोळा वर्षं यॉर्कशरमध्ये मिडवाइफ आहे. त्यातली शेवटची सात वर्षं माझं मुख्य काम एकच आहे. भारत, घाना, फिलिपाइन्स अशा ठिकाणी शिकून आलेल्या मिडवाइफना परीक्षेसाठी तयार करायचं आणि पहिलं वर्षभर त्यांच्याबरोबर राहायचं. म्हणून जरा लांबण लावून उत्तर देते.

आधी पैशांचं. सहा लाख देऊ नका, साठ हजारही देऊ नका. ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय भरतीच्या आचारसंहितेनुसार एजन्सीने उमेदवाराकडून नोकरी लावून देण्याची फी घ्यायची नसते, ती नोकरी देणाऱ्या रुग्णालयाकडून घ्यायची. तुमचा स्वतःचा खर्च म्हणजे इंग्रजीची परीक्षा, ब्रिटनच्या नर्स-मिडवाइफ नोंदणी संस्थेचा, एनएमसीचा, अर्ज आणि संगणकावरची परीक्षा, आणि त्यातलाही बराच भाग अनेक रुग्णालयं नंतर परत करतात. करारात 'इतक्या महिन्यांच्या आत सोडलं तर इतके पौंड भरा' असं कलम असतं, ते सही करण्याआधी शब्द न् शब्द वाचा. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने सोनं गहाण ठेवून एजंटला पैसे दिले होते. इथे आल्यावर पहिले आठ महिने ती हप्त्यांच्या धास्तीने सुट्टीच्या दिवशीही ड्यूट्या करायची आणि अभ्यासाला बसली की तिथेच झोपायची. दोनदा नापास झाली. हुशारीत ती कुठेच कमी नव्हती, पण तिच्याकडे झोप शिल्लक नव्हती.

आता 'आधी नर्स म्हणून जा' याबद्दल. हा सल्ला देणाऱ्याला एक तर माहिती नाही किंवा त्याला नर्सची जागा भरायची आहे. आपल्याकडे एकाच कोर्सनंतर नर्स आणि मिडवाइफ अशी दोन्ही नावं एका दमात लागतात. इथे नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलच्या, म्हणजे एनएमसीच्या, नोंदवहीत त्या दोन वेगळ्या जागा आहेत. अर्ज वेगळा, परीक्षा वेगळी. इतकंच नाही, इथल्या कायद्यात बाळंतपण करण्याचा अधिकार मिडवाइफ आणि डॉक्टर एवढ्यांनाच आहे, तातडीची वेळ किंवा शिकाऊ विद्यार्थी सोडले तर. म्हणजे नर्स म्हणून आलात तर तुमच्या त्या दीड हजार डिलिव्हऱ्यांनंतरही लेबर वॉर्डमध्ये एकही बाळ तुमच्या नावावर जन्माला येणार नाही. नर्सचं मिडवाइफ व्हायला पुढे साधारण दोन वर्षांचा वेगळा विद्यापीठ अभ्यासक्रम आहे. तो चांगला आहे, पण जागा मोजक्या असतात आणि व्हिसा, फी, घर या सगळ्यांचा मेळ बसवताना वर्षं निघून जातात. सर्जिकल वॉर्डात गोळ्यांची ट्रॉली ढकलत 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्या, हाताला विलक्षण गुण असलेल्या चार-पाच जणी मी पाहिल्यात. मिडवाइफ व्हायचं असेल तर पहिल्या दिवसापासून मिडवाइफ म्हणूनच अर्ज करा.

कागदपत्रांचा मार्ग सरळ आहे, त्यावर फार वेळ घालवत नाही. इंग्रजीसाठी आयईएलटीएस अकॅडमिक असेल तर वाचन, ऐकणं आणि बोलणं यांत 7 आणि लेखनात 6.5 लागतात. ओईटी असेल तर पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. दोन प्रयत्नांचे गुण ठराविक मर्यादेत एकत्र धरण्याची सवलत आहे, ती वापरा. संगणकावरची परीक्षा, सीबीटी, भारतातच देता येते. तिचे दोन भाग, एक औषधांच्या हिशेबाचा आणि एक मिडवाइफरीचा. मग आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी, जिथे फाईल रखडण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथे लवकर हात घाला. शेवटी इथे येऊन प्रत्यक्ष कौशल्यांची परीक्षा, ओस्की. व्हिसाच्या नियमाप्रमाणे नोकरी सुरू झाल्यापासून बारा आठवड्यांच्या आत पहिला प्रयत्न द्यावा लागतो आणि आठ महिन्यांच्या आत उत्तीर्ण व्हावं लागतं. एका अर्जावर तीन प्रयत्न मिळतात.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, कारण एजंट ती सांगणार नाही. कोविडनंतरच्या दोन वर्षांत रुग्णालयं बाहेरून मिडवाइफ शोधत होती, ती परिस्थिती आता राहिलेली नाही. बाहेरून होणारी भरती 2024 पासून खूपच घटली आहे. इथे शिकलेल्या नव्या मुलींनाच जागा मिळेना, म्हणून 2025 मध्ये सरकारला नव्या पदवीधर नर्स आणि मिडवाइफसाठी नोकरीच्या हमीची योजना जाहीर करावी लागली. दार बंद नाही, पण अरुंद झालंय. त्यामुळे हातात रुग्णालयाचं लेखी पत्र आल्याशिवाय सरकारी नोकरीचा राजीनामा देऊ नका. इंग्रजी आणि सीबीटी आटोपून ठेवता येईल, बाकीचं पत्र आल्यावर.

आता मैत्रिणीच्या वाक्याकडे येते. 'आपल्या डिलिव्हऱ्या इथे कुणी मोजत नाही.' अर्ज करताना आकडा मोजत नाहीत हे खरंय. पण पहिल्या रात्रपाळीत मोजला जातो.

रात्रीचे तीन, टेबलांवर तिघी, बाहेर बाकावर दोघी, आणि ड्यूटीवर आपण आणि एक मावशी, अशा रात्री ज्यांनी काढल्यात त्यांच्या अंगात काही गोष्टी मुरलेल्या असतात. कळ घेताना बाईचा आवाज बदलला की पाठ फिरवूनही कळतं की आता वेळ आली. वार यायला उशीर झाला की पोटावरचा हात आधी सावध होतो. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्राचं मातामृत्यूचं प्रमाण लाख जिवंत जन्मांमागे 33 होतं, देशाचं 97. त्या फरकामागे जिल्ह्याजिल्ह्यातल्या लेबर रूममधल्या सिस्टर आहेत. इथे वर्षाला तीस-चाळीस डिलिव्हऱ्या करणाऱ्या सहकाऱ्यांसमोर तुमचा हात थरथरणार नाही. माझ्या विद्यार्थिनी पहिल्याच मोठ्या रक्तस्रावाच्या वेळी शांतपणे गर्भाशय दाबून धरतात आणि इथल्या सीनियर मिडवाइफ माझ्याकडे बघून मान हलवतात, तेव्हा मला भरून येतं.

मग अडतं कुठे? तर बाळंतपण कुणाचं आहे या प्रश्नावर.

आपल्याकडे डिलिव्हरी आपण करतो, पण निर्णय 'सरांचा' किंवा 'मॅडमचा' असतो. पीव्ही, म्हणजे आतून तपासणी, केली की फोन, ड्रिप वाढवायची की फोन. इथे ज्या बाईला काही गुंतागुंत नाही तिची मुख्य जबाबदारी मिडवाइफची. गरोदरपणाच्या पहिल्या भेटीपासून बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळाचं वजन करण्यापर्यंत डॉक्टर तिला एकदाही भेटले नाहीत, असं सहज होऊ शकतं. काही गोष्टी नॉर्मलच्या बाहेर गेल्या की डॉक्टरांना बोलवायचं, आणि कधी बोलवायचं ते तुम्ही ठरवायचं. लवकर बोलवलंत तर कुणी रागावत नाही. उशिरा बोलवलंत तर उत्तर तुम्ही द्यायचं, कारण कागदावर सही तुमची असते. 'सरांना विचारून सांगते' हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते सुटायलाच सहा महिने लागतात.

आणि दुसरी बाजू म्हणजे बाई. माझ्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. एक पहिलटकरीण खाली गादी टाकून हात-गुडघ्यांवर ओणवी झाली होती, डोकं उशीत, कंबर डोलवत. मी तिला दोनदा म्हटलं, बेडवर या, म्हणजे मला नीट दिसेल. तिने मान हलवून नाही म्हटलं. माझ्याबरोबरची इंग्लिश मिडवाइफ काहीच बोलली नाही, तिने एक छोटा आरसा आणि टॉर्च घेतला आणि जमिनीवर बसली. वीस मिनिटांत बाळ आलं. एपिसिओटॉमी, म्हणजे बाळ बाहेर यायला द्यायचा कट, नाही, टाकाही नाही. माझ्या पाच वर्षांत मी एकाही बाईला ओणवं होऊन बाळंत होताना पाहिलं नव्हतं, कारण तिला टेबलावर चढवून पाय वर बांधायचं काम मीच करत होते. घरी येऊन मी खूप रडले. आपल्या लेबर रूममध्ये मी बायकांवर ओरडले होते, 'जोर लाव, नाहीतर बाळाला काही झालं तर तुझी जबाबदारी' असं म्हटलं होतं. कामाचा रेटा होता हे खरं, पण त्या बायकांना तो रेटा माहीत नव्हता.

2015 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने माँटगोमेरी खटल्याचा निकाल दिला. आईला मधुमेह, चण लहान, बाळ मोठं. खांदा अडकण्याचा धोका तिला डॉक्टरांनी सांगितला नव्हता, सांगितला तर ती सिझेरियन मागेल म्हणून. खांदा अडकला आणि बाळाला कायमची इजा झाली. न्यायालयाने म्हटलं की अशा बाईला महत्त्वाचा वाटेल असा धोका आणि त्यावरचे पर्याय तिला सांगणं बंधनकारक आहे. त्यानंतर इथल्या प्रत्येक मिडवाइफच्या बोलण्यात ते मुरलंय. पीव्ही करण्याआधी विचारायचं. का करायची, नाही केली तर काय, दुसरा काही मार्ग आहे का, हे सांगायचं. आणि ती नाही म्हणाली तर 'समजावून सांगितलं, तिने नकार दिला' असं लिहून पुढच्या वेळी परत विचारायचं. आपल्याकडून आलेल्या मिडवाइफना सगळ्यात अवघड हा नकार जातो. त्यांना वाटतं बाईने नाही म्हटलं म्हणजे आपण कमी पडलो. मी त्यांना सांगते, तिने तुमच्यासमोर मोकळेपणाने नाही म्हटलं, याचा अर्थ तिला तुमची भीती वाटत नाही.

ओस्कीत नेमकं हेच तपासलं जातं, फक्त घड्याळ लावून. दहा स्टेशनं असतात, त्यातल्या चारमध्ये एका बाईची तपासणी ते काळजीचं मूल्यमापन असा सलग प्रवास, चारमध्ये सुटी कौशल्यं, दोनमध्ये बसून लिहायचं. नापास होण्याची कारणं बघितली तर हात न धुणं, नाव आणि जन्मतारीख न विचारणं, अ‍ॅलर्जी न विचारणं, परवानगी न घेणं. आपण हे मनात करतो. तिथे बोलून दाखवावं लागतं, कारण परीक्षकाला तुमचं मन दिसत नाही. म्हणून घरी नवऱ्याला किंवा मुलीला पेशंट करा आणि बोलत बोलत सराव करा.

काही ठिकाणी मात्र हाताची सवयच बदलावी लागते, आणि तिथे चांगल्या अनुभवी सिस्टर फसतात. बाळ जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर आपण नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाच्या (एनएसएसके) प्रशिक्षणात शिकलो की बॅग आणि मास्क घेऊन मिनिटाला चाळीस ते साठच्या लयीत वारा द्यायचा. इथे कोरडं करून, डोकं सरळ ठेवून आधी पाच लांब श्वास द्यायचे, प्रत्येक दोन-तीन सेकंदांचा, आणि मग छाती हलते का, ठोके वाढले का ते बघायचं. पार्टोग्राफवर, म्हणजे बाळंतपणाची प्रगती नोंदवायच्या तक्त्यावर, आपण बाळाचे ठोके बहुधा अर्ध्या तासाने लिहितो. इथे पहिल्या अवस्थेत दर पंधरा मिनिटांनी, दुसऱ्या अवस्थेत दर पाच मिनिटांनी, कळ संपल्या संपल्या, पूर्ण एक मिनिट ऐकायचे. फंडसवर, म्हणजे पोटावरून गर्भाशयाच्या वरच्या टोकावर, दाब देणं नाही. पहिलटकरणीला सरसकट कट देणं नाही. दाब आणि कट तर आपल्या सरकारी मार्गदर्शनातही नकोच म्हटलंय, पण रात्रीच्या पाळीत काय होतं ते तुम्हाला मला माहीत आहे.

इंग्रजीबद्दल एक. परीक्षेतलं इंग्रजी आणि यॉर्कशरमधल्या बाईचं इंग्रजी यात पुणे आणि चंदगडच्या बोलीइतका फरक आहे. पाणमोट फुटली की ती म्हणते 'माय वॉटर्स हॅव गॉन'. कळा नीट सुरू नसल्या की 'टाइटनिंग्ज'. अंगावरून चिकट जायला लागलं की 'शो'. 'अ बिट पूअरली', म्हणजे जरा बरं नाही, म्हणाली तर लगेच बीपी घ्या, कारण इथली माणसं दुखणं अर्धं करून सांगतात. आणि कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ डॉक्टर, 'आय वंडर इफ वी शुड' असं म्हणाले की तो विचार नाही, आदेश आहे.

आता ज्या मराठी सिस्टर इथे आधीच सीनियर आहेत, वॉर्ड मॅनेजर आहेत, त्यांच्यासाठी थोडं. परीक्षा पास झाली की आपलं काम संपलं, असं अनेक रुग्णालयं समजतात. माझ्या अनुभवात खरा कठीण काळ परीक्षेनंतर सुरू होतो. परीक्षेआधी सगळ्यांना माहीत असतं की ही शिकते आहे. निकाल लागला, गणवेशाचा रंग बदलला की दुसऱ्या दिवशी तिच्या नावावर एक पूर्ण खोली असते. नऊ वर्षांच्या अनुभवानंतर तिला बँड 5 वर, म्हणजे सुरुवातीच्या पगारश्रेणीवर, नुकत्या पास झालेल्या बावीस वर्षांच्या मुलींच्या रांगेत बसवलं जातं आणि बँड 6 साठी वर्षभर कौशल्यांच्या नोंदींचं पुस्तक भरायला सांगतात. याचा अपमान वाटतो. तो वाटणं चूक नाही, हे तिला कुणीतरी म्हणायला हवं. मी तीन गोष्टींसाठी प्रत्येक वेळी भांडते. परीक्षेनंतर काही आठवडे तिची गणना ड्यूटीच्या माणसांत करू नका. लेबर वॉर्डच्या आधी तिला कम्युनिटी मिडवाइफबरोबर घरोघरी पाठवा, कारण बाईला तिच्या घरात, तिच्या सोफ्यावर पाहिल्याशिवाय इथलं बाळंतपण समजत नाही. आणि बाहेरून नव्या मिडवाइफ घेताना दोघींना एकत्र घ्या, एकटीला कधीच नाही.

अजून एक, चुकीची नोंद. इथे काही बिघडलं, अगदी औषध उशिरा दिलं तरी, संगणकावर घटनेचा अहवाल भरायचा असतो. आपल्या लेखी अहवाल म्हणजे मेमो. त्यामुळे आपल्या मुली एक तर भरत नाहीत, किंवा कुणी त्यांच्या नावाने भरला की रात्रभर झोपत नाहीत. पहिला अहवाल मी त्यांच्याबरोबर बसून भरते, तोही माझ्या स्वतःच्या चुकीचा.

आणि वाईट अनुभव येतील. एका मुलीला एका बाईच्या नवऱ्याने तोंडावर सांगितलं की आम्हाला 'इथली' मिडवाइफ द्या. वॉर्डच्या सीनियरने निमूटपणे माणूस बदलला आणि विषय मिटवला. त्या मुलीने पुढे आठवडाभर आजारपणाची रजा घेतली. त्या दिवशी मी ड्यूटीवर नव्हते, याचं मला आजही वाईट वाटतं. अशा वेळी सीनियरने खोलीत जाऊन स्पष्ट बोलायला हवं आणि नंतर त्या मुलीबरोबर चहा घेत बसायला हवं. याच देशात बाळंतपणात दगावण्याचं प्रमाण आशियाई बायकांमध्ये गोऱ्या बायकांपेक्षा जास्त आहे आणि कृष्णवर्णीय बायकांमध्ये त्याहूनही जास्त आहे. आपली भाषा, आपली सासू, आपली लाज समजणारी मिडवाइफ त्या खोलीत असणं किती गरजेचं आहे, हे आशियाई वस्ती मोठी असलेल्या ब्रॅडफर्डच्या कुठल्याही वॉर्डात एक दुपार बसलं की कळतं.

जाणं जमलं नाही, किंवा घरच्या कारणाने नको वाटलं, तर आपल्याकडेही एक वाट आहे. केंद्र सरकारने 2018 मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि नर्सना अठरा महिन्यांचं नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हे प्रशिक्षण सुरू केलं. तुम्ही सरकारी सेवेत आहात, तुमच्या जिल्ह्यातून नावं कधी मागवतात ते विचारा. पुढे इंग्लंडला यायचं असेल तरी याच्याइतकी चांगली पूर्वतयारी दुसरी नाही, कारण त्या प्रशिक्षणात बाईच्या शेजारी उभं राहून निर्णय घ्यायलाच शिकवतात.

तोवर एक वही करा. पेशंटचं नाव, नंबर काहीही न लिहिता, प्रत्येक डिलिव्हरीनंतर चार ओळी. काय दिसलं, तुम्ही काय ठरवलं, कुणाला कधी सांगितलं, बाई काय म्हणाली. मुलाखतीत तुम्हाला नेमकं हेच विचारतील. आणि येत्या पाळीत पहिली जी बाई येईल, तिला हातमोजे घालण्याआधी मराठीत विचारा, 'ताई, आतून तपासू का? थांबा म्हणालात तर मी थांबेन.' ती काय म्हणते ते वहीत पहिल्या पानावर लिहा.